२४ डिसेंबर, रात्री साडेआठ : केंब्रिजच्या नाताळगीतांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२४ डिसेंबरला आमच्याकडे जेवणं आठच्या आत उरकतात. साडेआठला दिवाणखान्यातला मोठा दिवा मालवतो आणि पुढचा दीड तास कुणी कुणाला फोन करत नाही. हे ऐकल्यावर ओळखीचे लोक कुतूहलाने बरंच काही विचारतात. दरवर्षी तेच ते प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

हा कार्यक्रम नेमका कोणता?

इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात किंग्ज कॉलेज आहे. त्या कॉलेजच्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता एक उपासना होते. तिचं नाव 'अ फेस्टिव्हल ऑफ नाइन लेसन्स अँड कॅरल्स', म्हणजे बायबलमधले नऊ पाठ आणि त्यांच्या अधूनमधून गायली जाणारी नाताळगीतं. बीबीसीने ती १९२८ साली पहिल्यांदा रेडिओवरून प्रसारित केली. तेव्हापासून १९३० चा अपवाद सोडला तर एकही वर्ष चुकलेलं नाही.

हा रंगमंचावरचा जलसा नाही. इथे टाळ्या नाहीत, मध्यंतर नाही, एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना कुणी निवेदनही करत नाही. पाठ, गीत, पुन्हा पाठ, पुन्हा गीत असं ते चालतं. कीर्तनात आख्यान आणि अभंग एकमेकांना धरून पुढे जातात, तशीच ही बांधणी आहे. इथे आख्यानाचे शब्द मात्र ठरलेले असतात आणि वाचणारा त्यावर भाष्य करत नाही.

भारतात किती वाजता आणि कुठे ऐकायचं?

रात्री साडेआठ वाजता. हिवाळ्यात इंग्लंडची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपली माणसं जगभर पांगली आहेत, म्हणून त्यांच्याही वेळा देतो. दुबईत संध्याकाळचे सात, सिंगापुरात रात्रीचे अकरा, न्यू जर्सीत सकाळचे दहा, कॅलिफोर्नियात सकाळचे सात. सिडनीत तोवर तारीख बदललेली असते आणि पहाटेचे दोन वाजलेले असतात.

थेट प्रसारण बीबीसी रेडिओ ४ वर असतं आणि ते इंटरनेटवरून ऐकता येतं. नाताळच्या दिवशी रेडिओ ३ वर त्याचं पुनःप्रसारण होतं. अमेरिकेत अनेक सार्वजनिक रेडिओ केंद्रं हे प्रसारण घेतात, तेव्हा तिकडच्यांनी आपल्या गावचं केंद्र आधी पाहावं.

दोन सूचना अनुभवाच्या आहेत. प्रसारण सव्वाआठलाच लावून ठेवा. एका वर्षी मी साडेआठला दोन मिनिटं कमी असताना लावायला गेलो, ते अडकलं आणि सुरू झालं तेव्हा दुसरं कडवं चालू होतं. त्या वर्षी बाकी सगळं ऐकलं, पण पहिलं कडवं गेलं ते गेलंच. दुसरी सूचना म्हणजे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तळाचे पुरुषी आवाज आणि ऑर्गनचा खर्ज त्यातून येतच नाही. बरे हेडफोन किंवा घरातला जुना स्टिरिओ हवा.

सुरुवातीला बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. बिघाड आहे का?

बिघाड नाही, तिथूनच कार्यक्रम सुरू होतो. निवेदक दोन शब्द बोलून थांबतो. मग मोठ्या दगडी वास्तूतली शांतता ऐकू येते. कुठेतरी एखादा खोकला, बाकाची हलकी कुरकुर, आणि त्यामागे शेकडो माणसांचं गप्प बसणं. मग एकच मुलगा, कसल्याही साथीशिवाय, 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी'चं पहिलं कडवं गातो.

हे कडवं कोण गाणार, हे अगदी शेवटच्या क्षणी ठरतं. तयारी अनेक मुलांची करून घेतलेली असते. प्रसारणाची वेळ झाली की गायकवृंदाचा संचालक त्यांच्यातल्या एकाकडे निर्देश करतो आणि त्याने गायचं. भीती वाटायला वेळच मिळू नये, हा त्यामागचा विचार. दहा-बारा वर्षांचं मूल, ऐकणारे लाखो, आणि हाताशी तानपुरासुद्धा नाही! मी हे कितीही वेळा ऐकलं असलं तरी पहिली ओळ संपेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.

आणखी एक गोष्ट लक्ष देऊन ऐका. गायकवृंद चॅपेलच्या पश्चिमेकडच्या दाराशी उभा असतो. पहिलं कडवं एकट्याचं, दुसरं वृंदाचं, आणि त्यानंतर ऑर्गनबरोबर सगळी मंडळी गाऊ लागतात. तेवढ्यात वृंद चालत पूर्वेकडे आपल्या जागी जातो. चॅपेल ८८ मीटर लांब आहे. डोळे मिटून ऐकलं तर आवाजाची जागा बदलत जाते ती कळते, जणू पालखी अंगणातून पुढे जाते आहे.

हे सुरू कुणी केलं?

कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावात १८८० साली बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी नऊ पाठांची ही रचना पहिल्यांदा केली. तिथल्या कॅथीड्रलचं, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचं, बांधकाम चालू होतं, म्हणून ती उपासना लाकडी शेडमध्ये झाली, नाताळच्या आदल्या रात्री दहा वाजता. लोकांना गुत्त्यांपासून दूर ठेवायचं हाही एक हेतू होता, असं सांगतात.

पण आज आपण ऐकतो ते रूप एरिक मिलनर-व्हाइट यांचं. ते चौतिसाव्या वर्षी किंग्ज कॉलेजचे डीन, म्हणजे चॅपेलचे प्रमुख धर्मगुरू, झाले तेव्हा नुकतेच युद्धावरून परतले होते. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात धर्मोपदेशक होते. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं आणि सहा आठवड्यांनी, २४ डिसेंबरला, त्यांनी ही उपासना चॅपेलमध्ये केली. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरातला तरुण परत आलेला नव्हता.

हे ठाऊक असलं की पहिल्या गीतानंतरची प्रार्थना वेगळी ऐकू येते. ती मिलनर-व्हाइट यांनीच लिहिली. गरिबांची, भुकेल्यांची, आजाऱ्यांची आठवण काढून झाल्यावर ती अशा लोकांकडे वळते, जे आपल्याबरोबरच आनंद करताहेत, पण दुसऱ्या तीरावर आणि अधिक मोठ्या प्रकाशात. मराठी माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आपल्याकडे त्यासाठी 'पैलतीर' हा शब्द आहे. घरातलं कुणी त्या वर्षी गेलेलं असेल, तर ही ओळ ऐकताना गळा दाटतो. आमच्याकडे तो अनुभव येऊन गेला आहे.

'वन्स इन रॉयल' पहिल्या वर्षी सुरुवातीला नव्हतं. १९१९ पासून ते पहिलं आलं आणि मग तिथून हललं नाही.

दुसऱ्या महायुद्धातही प्रसारण चालू होतं?

हो. बॉम्बहल्ल्याच्या भीतीने चॅपेलच्या रंगीत काचा काढून सुरक्षित ठिकाणी हलवल्या होत्या. आत कडाक्याची थंडी असायची. प्रसारणात जागेचं नाव सांगत नसत, शत्रूला पत्ता लागू नये म्हणून. गाणं मात्र थांबलं नाही. अलीकडे २०२० साली करोनामुळे चॅपेल श्रोत्यांविना होतं आणि उपासना आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावी लागली. पुढच्या वर्षी ती पुन्हा थेट झाली.

मी ख्रिस्ती नाही. मी ऐकलं तर चालेल का?

हा प्रश्न संकोचून विचारला जातो, म्हणून सरळ उत्तर देतो : चालेल. मीही ख्रिस्ती नाही. पण ही प्रार्थना आहे हे विसरून, नुसती 'छान पार्श्वसंगीत' म्हणून ती लावू नये, असं मला मनापासून वाटतं. नरक चतुर्दशीला पहाटे आकाशवाणीवरचं कीर्तन लावून आपण अभ्यंगाला बसत आलो, आषाढीला पंढरपूरच्या महापूजेचं प्रसारण ऐकत आलो. रेडिओवरून घरात आलेल्या उपासनेसमोर कसं बसायचं, हे आपल्याला उपजत माहीत आहे. तसंच इथे बसावं.

नऊ पाठ कोणते? इंग्रजी समजलं नाही तर?

कथा एकच आहे. आदाम आणि हव्वेने बागेत केलेली आज्ञाभंगाची चूक, अब्राहामाला मिळालेलं वचन, यशया संदेष्ट्याची भाकितं, देवदूताने मरियेला दिलेली बातमी, बेथलेहेमातला जन्म, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आणि शेवटी योहानाच्या शुभवर्तमानाचा प्रारंभ. मराठी बायबल घरात असेल किंवा मिळवता आलं, तर उत्पत्ति, यशया, लूक, मत्तय आणि योहान ही पुस्तकं काढून खुणा घालून ठेवा. बाळाला गव्हाणीत ठेवलं, हे वाक्य मराठीत वाचलं की सगळं एकदम गोठ्यात येतं. कडबा, बैलाचा उच्छ्वास, शेणामातीचा वास. इंग्रजीतला शब्द आपल्याला हे देत नाही.

पाठ वाचणाऱ्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. पहिला पाठ वृंदातला एक लहान मुलगा वाचतो आणि मग वय व मान चढत जाऊन शेवटचा पाठ कॉलेजचे प्रमुख वाचतात.

त्या वर्षीची पूर्ण संहिता कॉलेज आपल्या संकेतस्थळावर आधीच ठेवतं. ती छापून घ्या किंवा टॅबवर उघडून ठेवा. गीतांचे शब्द समोर असले की निम्मी अडचण मिटते.

एकाच वेळी चार वेगवेगळ्या चाली चालतात. आपल्या कानांनी कोणती धरायची?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. आपला कान एका सुरावटीवर वाढलेला. भजनात शंभर टाळकरी असले तरी सगळे एकच चाल म्हणतात. इथे वृंदाचे चार भाग असतात. वर मुलांचा ट्रेबल, त्याखाली अल्टो, मग टेनर, आणि तळाशी बेस. चौघांचे शब्द बहुधा एक, सूर मात्र निरनिराळे.

पहिल्या वर्षी फक्त वरची ओळ धरा, चाल तिथेच असते. दुसऱ्या वर्षी मुद्दाम तळाची ओळ धरा. तीच भिंत तोलून धरते, आणि वरची चाल तिथल्या तिथे असताना तळ हलला की भाव कसा बदलतो ते तिथून कळतं. आपल्याकडे षड्ज अढळ असतो. इथे पायाचा दगडच चालत राहतो. सवय होईपर्यंत थोडं डगमगल्यासारखं होतं, मग मात्र त्यातच गोडी वाटू लागते.

गाणं शिकलेल्यांसाठी आणखी एक. ऑर्गन थांबतो आणि वृंद विनासाथ गातो, तेव्हा त्यांचा गंधार ऐका. पियानो किंवा हार्मोनियमच्या पट्टीवरचा गंधार किंचित चढा असतो. चांगला वृंद वाद्यापासून सुटला की आपसूक खाली, शुद्ध जागेवर येऊन बसतो. स्थिर पट्ट्यांबद्दलची तक्रार आपल्यालाही नवी नाही. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं हार्मोनियमला दारातच थांबवलं होतं. ते धोरण योग्य होतं की नाही हा वेगळा वाद, पण ज्या कानांनी तो वाद घातला, त्या कानांना केंब्रिजचा हा गंधार नक्की भावेल.

आणि शेवटच्या मोठ्या गीतांत डेस्कॅन्टची वाट पाहा. चॅपेलमधले सगळे मूळ चाल म्हणत असतात आणि मुलं त्यांच्या वर एक नवी सुरावट फेकतात. 'ओ कम, ऑल यी फेथफुल' आणि 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' यांचे जगभर गायले जाणारे डेस्कॅन्ट डेव्हिड विलकॉक्स यांचे. ते १९५७ ते १९७४ या काळात इथले संगीत संचालक होते.

वृंदात मुली नाहीत का?

या वृंदात नाहीत. यात १६ मुलगे आणि कॉलेजात शिकणारे १४ तरुण असतात. अल्टोची ओळही पुरुषच वरच्या आवाजात गातात. कॉलेजची स्थापना सहाव्या हेन्रीने १४४१ मध्ये केली आणि सोळा मुलांची तरतूद तेव्हापासूनची आहे. शेजारच्या सेंट जॉन्स कॉलेजने २०२२ मध्ये आपल्या वृंदात मुली आणि स्त्रियांना घेतलं. किंग्जमध्ये मिश्र आवाजांचा वेगळा वृंद आहे. मला स्वतःला सेंट जॉन्सने उचललेलं पाऊल योग्य वाटतं आणि त्याने गाण्याचं काही बिघडलेलं नाही.

दरवर्षी तीच गाणी असतात का?

पहिलं आणि शेवटची दोन तीच. मधली बदलतात. गुस्ताव होल्स्ट आणि हॅरल्ड डार्क, दोघांनी क्रिस्टिना रोझेटीच्या एकाच कवितेला, 'इन द ब्लीक मिडविंटर'ला, वेगवेगळ्या चाली लावल्या. कधी ही असते, कधी ती. मला डार्क यांची जास्त जवळची वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत हा वृंद त्यांनीच सांभाळला होता.

१९८२ मध्ये स्टीव्हन क्लीओबरी संचालक झाले आणि पुढच्या वर्षापासून त्यांनी दरवर्षी एका संगीतकाराकडून नवं गीत करून घ्यायला सुरुवात केली. जुडिथ विअर यांचं 'इल्युमिनारे, जेरुसलेम' १९८५ चं, आर्वो पार्ट यांचं स्लाव्हॉनिक भाषेतलं गीत १९९० चं. परंपरा म्हणजे जुनं तेवढंच जपणं नव्हे, हे त्यांनी शब्दांत न सांगता करून दाखवलं. क्लीओबरी २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, संगीताची संत मानल्या जाणाऱ्या सिसिलियाच्या दिवशी, वारले. आता डॅनियल हाइड संचालक आहेत.

नवं गीत पहिल्यांदा कानाला टोचू शकतं. म्हणून ते लागताच उठून पाणी प्यायला जाऊ नका.

टीव्हीवरचा कार्यक्रम हाच का?

नाही. 'कॅरल्स फ्रॉम किंग्ज' हा वेगळा कार्यक्रम आहे, आधी चित्रित केलेला. दिसायला फार सुंदर. पण थेट असतो तो रेडिओवरचा, आणि माझं मत विचाराल तर ऐकावा तोही रेडिओवरचाच.

तिथे प्रत्यक्ष जाता येईल का?

येईल, पण जागा कमी आणि इच्छुक अमाप. पूर्वी लोक रात्रभर थंडीत रांगेत उभे राहायचे. आता आधी अर्ज करावा लागतो, तेव्हा त्या वर्षीचे नियम कॉलेजच्या संकेतस्थळावर पाहा. २४ डिसेंबर साधला नाही तरी हताश होऊ नका. सत्र चालू असताना हाच वृंद बहुतेक रोज संध्याकाळची प्रार्थना गातो आणि ती सर्वांना खुली असते.

गेलात तर मान वर करून छत जरूर पाहा. दगडाचे पंखे उघडून एकमेकांना जोडावेत तसं ते आहे, १५१५ मध्ये पुरं झालेलं, आणि अशा घडणीचं जगातलं सगळ्यात मोठं. २४ तारखेला उपासना सुरू होते तेव्हा खिडक्यांच्या काचा रंगीत असतात. केंब्रिजला त्या दिवसांत चारच्या आत सूर्य मावळतो. निम्मे पाठ होईपर्यंत काचा काळ्या पडतात आणि मेणबत्त्यांचा उजेड तेवढा उरतो.

आपल्याकडे असं गाणं ऐकायला मिळतं का?

मिळतं, आणि त्याची मुळं खोल आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. 'नाताळ' हा आपला शब्दही पोर्तुगीजमधूनच आला. मुंबईत परांजोती अकॅडमी कोरस १९५६ पासून गातो आहे. डिसेंबरात दक्षिण मुंबईतल्या जुन्या चर्चमध्ये कॅरल्सच्या संध्याकाळी असतात, सहसा सगळ्यांना मोकळ्या. आणि मराठीत ख्रिस्ती भक्तिगीतांची स्वतंत्र वाट आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ती अभंग-ओवीच्या वळणाने रुंद केली. चार आवाजांच्या गाण्यानंतर ती पदं ऐकली की एकाच जन्मकथेची दोन गावं पाहून आल्यासारखं होतं.

या दिवसांत रेडिओवर आणखी काय ऐकावं?

नाताळच्या आधीच्या एका रविवारी युरोपातली सार्वजनिक रेडिओ केंद्रं मिळून दिवसभर वेगवेगळ्या देशांतल्या मैफली प्रसारित करतात. सवड असेल तर तो दिवस मोकळा ठेवा. जर्मन संगीतकार बाखचा 'ख्रिसमस ओरेटोरिओ', म्हणजे गाण्यांतून सांगितलेली जन्मकथा, सलग ऐकण्याऐवजी त्याने १७३४-३५ च्या हिवाळ्यात वाजवला तसा ऐका. त्याचे सहा भाग सहा निरनिराळ्या दिवसांचे आहेत, २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंतचे. रोज थोडं, नवरात्रातल्या माळेसारखं. हँडेलचा 'मसाया' आज नाताळात हटकून लागतो, पण तो पहिल्यांदा झाला एप्रिलमध्ये, १७४२ साली डब्लिनला.

१ जानेवारीला दुपारी पावणेचारला व्हिएन्नाची नववर्षाची मैफल असते. वॉल्ट्झ, पोल्का, सगळं हसरं. आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी ती पाच वेळा चालवली, पहिल्यांदा १९९० मध्ये.

लहान मुलांना बरोबर बसवावं का?

पहिल्या गीतापुरतं तरी बसवा. आपल्याच वयाचा कुणी गातो आहे हे कळलं की ती आपण होऊन गप्प होतात. दीड तास बसण्याची सक्ती मात्र नको.

शेवटचं गीत संपलं की बंद करायचं का?

कृपया नको. आशीर्वचन होतं, 'हार्क! द हेरल्ड' होतं आणि लोक उठायला लागतात. तेव्हाच ऑर्गनवर बाखची 'इन डुल्ची युबिलो' सुरू होते. १९३८ मध्ये डग्लस गेस्ट हा तिथला विद्यार्थी ऑर्गनवादक होता, त्याने ती पहिल्यांदा इथे वाजवली आणि तेव्हापासून ती राहिली. जुन्या चालीची एकेक ओळ भक्कम स्वरसमूहांत येते आणि दोन ओळींच्या मध्ये बोटं पाण्यासारखी धावत सुटतात. आमच्याकडे तोवर रात्रीचे दहा वाजत आलेले असतात. दिवा आम्ही ती संपल्यावरच लावतो.